ब्रुकलिनचा वकील आणि एक्केचाळीस वर्षांचा कायदा

अमेरिकेत आज जी मराठी कुटुंबे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत नांदत आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा तिथला मुक्काम १९६५ च्या ज्या कायद्यामुळे शक्य झाला, त्याला तिथे ‘हार्ट-सेलर कायदा’ म्हणतात. नावातले हार्ट म्हणजे मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट, आणि सेलर म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागाचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर. पेशाने वकील असलेले सेलर मार्च १९२३ पासून जानेवारी १९७३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांना अवघे दोन महिने कमी इतका काळ, सलग प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते आणि त्यातली बावीस वर्षे न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. पहिल्याच वर्षी ज्या कायद्याला त्यांनी विरोध केला, तो रद्द करण्याचे विधेयक एक्केचाळीस वर्षांनी त्यांच्याच नावाने मंजूर झाले. आणि त्यानंतर सातच वर्षांनी एका तीस वर्षांच्या वकील तरुणीने त्यांना त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या मतदारांकडून घरी बसवले.

या दोन घटनांचा संबंध तपासणे हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे, की सेलर यांचे यश आणि त्यांचा पराभव या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी आहे. हुकमी मतदारसंघ, त्यातून मिळणारी ज्येष्ठता, आणि ज्येष्ठतेतून समितीवर आलेली पकड या भांडवलावर त्यांनी एक बंद दार उघडले, आणि त्याच भांडवलाच्या बळावर दुसरे एक दार वर्षानुवर्षे बंद ठेवले.

घर, वकिली आणि १९२२ ची निवडणूक

सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. घराणे जर्मनीतून आलेल्या ज्यूंचे. वडिलांचा मद्याचा व्यवसाय होता. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच वडील वारले आणि पाठोपाठ काही महिन्यांत आईही गेली. सकाळी वर्गात बसायचे आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत वाइन विकत फिरायचे, अशा रीतीने घर चालवत त्यांनी १९१० मध्ये पदवी आणि १९१२ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. त्याच वर्षी ते वकिली करू लागले.

१९२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना न्यूयॉर्कच्या दहाव्या मतदारसंघातून उभे केले. तिथून डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस त्याआधी कधी निवडून आला नव्हता. सेलर यांनी प्रचारात दारूबंदीला विरोध आणि राष्ट्रसंघाला पाठिंबा हे दोन मुद्दे धरले आणि ते जिंकले. मतदारसंघ स्थलांतरितांचा होता. ज्यू, इटालियन, आयरिश अशी मिश्र वस्ती, जिच्यातल्या कित्येकांचे आईवडील किंवा भावंडे अजून युरोपातच होती. त्या घरांत पुढच्या काही महिन्यांत ज्या विषयाची सर्वांत जास्त काळजी असणार होती, तो विषय सेलर पोहोचले त्याच काँग्रेसपुढे आला.

१८९० च्या खानेसुमारीचा हिशोब

१९२४ च्या स्थलांतर कायद्यात अन्याय नेमका कुठे होता, हे समजण्यासाठी त्यातला हिशोब जवळून पाहावा लागतो. ‘इटालियन नकोत’ किंवा ‘ज्यू नकोत’ असे एकही वाक्य त्यात नव्हते. प्रत्येक देशाला वार्षिक कोटा द्यायचा, आणि तो त्या देशात जन्मलेल्या व अमेरिकेत राहणाऱ्या लोकांच्या संख्येच्या दोन टक्के असावा, एवढेच सूत्र होते. मात्र ही संख्या कोणत्या खानेसुमारीतून घ्यायची, तर १८९० च्या. त्या वेळी १९२० ची खानेसुमारी हाताशी होती, तरीही चौतीस वर्षांपूर्वीचे आकडे मुद्दाम निवडले गेले, कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारा मोठा लोंढा १८९० नंतरचा होता. परिणामी इटलीचा कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला, रशियाच्या वाट्याला २,२४८ जागा आल्या, आणि जर्मनीला मात्र ५१,२२७ मिळाल्या. पुढे १९२९ पासून सूत्र बदलले तेव्हा एकट्या ब्रिटनचा कोटा ६५,७२१ झाला. तो वर्षानुवर्षे पुरता भरतही नसे, आणि न भरलेल्या जागा दुसऱ्या देशाला देण्याची सोय कायद्यात नव्हती.

विधेयकाचे पुरस्कर्ते अल्बर्ट जॉन्सन हे स्थलांतर समितीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या समितीने वंशशुद्धीच्या तथाकथित शास्त्राचे प्रचारक हॅरी लाफलिन यांना अधिकृत सल्लागार म्हणून जवळ केले होते. अशा सभागृहात नवख्या सेलर यांनी आपले पहिले महत्त्वाचे भाषण या विधेयकाच्या विरोधात केले. एप्रिल १९२४ मध्ये ते ३२३ विरुद्ध ७१ मतांनी मंजूर झाले आणि २६ मे रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्यावर सही केली. वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी सेलर खटला हरले होते. अपिलाची तारीख कधी लागेल, हे कुणालाच सांगता आले नसते.

आशियाई लोकांसाठी या कायद्यात कोट्याचाही प्रश्न नव्हता. ‘नागरिक होण्यास अपात्र’ असलेल्या परकीयांना प्रवेशच नाही, असे एक कलम त्यात होते. अपात्र कोण, हे १७९० च्या नागरिकत्व कायद्यातल्या ‘गोऱ्या व्यक्ती’ या शब्दांवर ठरे, आणि भारतीय त्या शब्दांत बसत नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, म्हणजे सेलर यांचे सदस्यत्व सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात दिला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या थिंड यांना न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी सांगितले, की वंशशास्त्र काहीही म्हणो, ‘गोरा’ याचा अर्थ सामान्य माणूस जो समजतो तोच धरायचा. स्वतः सदरलँड यांचा जन्म इंग्लंडचा, आणि न्यायमूर्ती होण्यापूर्वी तेही वकिलीतून राजकारणात जाऊन सिनेटर झालेले.

या खटल्यात थिंड यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलाचे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटावे असे आहे. ते होते सखाराम गणेश पंडित. ते १९१४ मध्येच अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करत होते. थिंड निकालानंतर सरकारने इतर भारतीयांप्रमाणे त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. तेव्हा पंडित यांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला आणि वेगळा मुद्दा धरला. न्यायालयाने एकदा विधिवत दिलेला निर्णय, ज्यावर विसंबून माणसाने आपला पेशा, मालमत्ता आणि संसार उभा केला, तो सरकारला वर्षांनंतर पुन्हा उकरून काढता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले. वकिलाने एका माणसाचे, म्हणजे स्वतःचे, नागरिकत्व वाचवले. पण मूळ कायदा तसाच राहिला, कारण तो बदलण्याचे काम न्यायालयाचे नव्हते. ते काम करू शकणारी जागा सेलर बसले होते तिथे होती.

थांबण्याची वर्षे

पुढची सुमारे वीस वर्षे सेलर यांच्या हाती फारसे काही लागले नाही. त्याच वर्षांत कोट्याच्या पद्धतीची किंमत युरोपातल्या ज्यूंनी जिवाने चुकती केली. १९३९ मध्ये नऊशेहून अधिक निर्वासितांना घेऊन आलेले ‘सेंट लुइस’ जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून परत गेले. सेलर रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे आणि एरवी त्यांचे खंदे समर्थक, पण निर्वासितांच्या प्रश्नावर त्यांनी परराष्ट्र खात्यावर उघड टीका केली. १९४३ च्या अखेरीस परराष्ट्र खात्याचे अधिकारी ब्रेकिनरिज लाँग यांची एका समितीपुढची गुप्त साक्ष जाहीर झाली आणि त्यात निर्वासितांना दिलेल्या प्रवेशाचे आकडे फुगवलेले आढळले, तेव्हा सेलर हे त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांमध्ये होते. जानेवारी १९४४ मध्ये स्थापन झालेल्या युद्ध निर्वासित मंडळामागे अशा अनेकांचा रेटा होता. तोवर फार उशीर झाला होता.

भारतीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा याच सुमारास आला. चीन युद्धातला मित्र म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये चिनी लोकांवरची बंदी उठवून त्यांना वर्षाला १०५ जागांचा कोटा दिला गेला. तोच न्याय भारतीयांना लावावा, यासाठी न्यूयॉर्कचे व्यापारी आणि ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’चे अध्यक्ष जे. जे. सिंग वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत होते. सेलर डेमोक्रॅट, प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या सहकारी क्लेअर बूथ ल्यूस रिपब्लिकन. दोघांची राजकीय मते बहुतेक बाबतींत परस्परविरोधी, पण या एका प्रश्नावर त्यांनी हातमिळवणी केली आणि २ जुलै १९४६ रोजी ल्यूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची सही झाली. भारताला मिळाल्या वर्षाला शंभर जागा. चाळीस कोटींच्या देशासाठी हा आकडा नगण्य होता, परंतु कायद्यातली खरी गोष्ट वेगळी होती. भारतीय माणूस आता अमेरिकेचा नागरिक होऊ शकत होता. जमीन नावावर करू शकत होता, मत देऊ शकत होता, निवडणुकीला उभा राहू शकत होता. त्याचा पुरावा दहा वर्षांत मिळाला. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि सेलर यांच्याच सभागृहात बसले.

सेलर यांच्या कार्यपद्धतीचा नमुना म्हणून मला हा छोटा कायदा १९६५ च्या मोठ्या कायद्याइतकाच मोलाचा वाटतो. संपूर्ण कोटापद्धत उखडण्याएवढी मते मिळणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तिच्यातली एकेक वीट ते काढत गेले. १९४९ मध्ये समितीचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी युद्धात बेघर झालेल्यांसाठीचा कायदा सैल करून घेण्यात पुढाकार घेतला. १९५२ मध्ये मात्र मॅककॅरन-वॉल्टर कायद्याने जुनी कोटापद्धत पुन्हा पक्की केली. ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला, सेलर यांनी त्यांना साथ दिली, आणि काँग्रेसने तो नकाराधिकार मोडून काढला. नागरिकत्वातली वंशाची अट त्या कायद्याने काढली हे खरे, पण आशियाई माणूस जगात कुठेही जन्मला तरी त्याची मोजणी त्याच्या पूर्वजांच्या देशाच्या खात्यावर करण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. लंडनमध्ये जन्मलेला इंग्रज ब्रिटनच्या मोठ्या कोट्यात बसे. लंडनमध्येच जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस भारताच्या शंभरांत.

अध्यक्षाच्या हातातली चावी

अमेरिकी काँग्रेसमध्ये समितीचा अध्यक्ष म्हणजे काय, हे आपल्या संसदीय पद्धतीच्या सवयीमुळे चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे विधेयक सरकार आणते आणि बहुमताच्या जोरावर ते बहुधा मंजूर होते. तिथे विधेयक आधी समितीकडे जाते, आणि अध्यक्षाने सुनावणीच ठेवली नाही तर ते तिथेच बासनात पडून राहते. त्या काळात अध्यक्षपद केवळ ज्येष्ठतेने मिळे, त्यामुळे जो हुकमी मतदारसंघातून वर्षानुवर्षे निवडून येई तोच बलवान होई. दक्षिणेतले वर्णभेदवादी डेमोक्रॅट याच मार्गाने प्रबळ झाले होते. ब्रुकलिनचे सेलरही त्याच मार्गाने. न्यायविषयक समितीची सूत्रे १९४९ ते १९५३ आणि पुन्हा १९५५ ते १९७३ अशी त्यांच्याकडे राहिली.

त्यांनी ती चावी कशी वापरली, याचे सर्वांत चांगले उदाहरण १९६४ चा नागरी हक्क कायदा. जून १९६३ मध्ये त्यांनी ते विधेयक मांडले आणि आपल्याच उपसमितीकडे घेतले. उपसमितीने ते इतके कडक केले, की रिपब्लिकन साथ सुटेल या भीतीने केनेडी प्रशासन हादरले. मग ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅककलक यांच्याशी बोलणी करून मधला मसुदा तयार झाला आणि २० नोव्हेंबर १९६३ रोजी समितीने तो पुढे पाठवला. दोन दिवसांनी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये सभागृहात चर्चा सुरू झाली, तेव्हा पंचाहत्तरीचे सेलर दिवसभर उभे राहून एकेका दुरुस्तीला उत्तर देत होते, आणि १० फेब्रुवारीला विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झाले. १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि राष्ट्राध्यक्ष काम करण्यास असमर्थ ठरल्यास काय करायचे हे सांगणारी पंचविसावी घटनादुरुस्ती यांचीही वाट याच समितीतून गेली.

स्थलांतराच्या बाबतीत मात्र अध्यक्ष असूनही त्यांचे हात बांधलेले होते, कारण त्यांच्याच समितीची स्थलांतर उपसमिती फ्रान्सिस वॉल्टर यांच्याकडे होती, म्हणजे १९५२ च्या कायद्याला ज्यांचे नाव आहे त्यांच्याकडे. मे १९६३ मध्ये वॉल्टर वारले आणि त्यांच्या जागी ओहायोचे मायकेल फीगन आले. तेही कोटा सोडायला सहजी तयार नव्हते. १९६४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना प्रचंड विजय मिळून प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक सदस्यांची संख्या २९५ झाली, तेव्हा कुठे गाडी हलली.

फीगन यांनी तडजोडीची किंमत वसूल केली. प्रशासनाच्या मूळ मसुद्यात निम्म्या जागा कौशल्य असलेल्या लोकांसाठी होत्या. फीगन यांनी क्रम उलटा केला. नव्या रचनेत ७४ टक्के जागा नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या नातेवाइकांना, १० टक्के उच्चशिक्षित व्यावसायिकांना, १० टक्के तुटवडा असलेल्या कामगारांना आणि ६ टक्के निर्वासितांना असे वाटप झाले. नागरिकांचे पतीपत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील मर्यादेच्या बाहेर. पूर्व गोलार्धाला एकूण १ लाख ७० हजार जागा, आणि कोणत्याही एका देशाला २० हजारांपेक्षा जास्त नाहीत. नातेवाइकांना अग्रक्रम देण्यामागचा हिशोब असा होता, की ज्यांचे नातलग अमेरिकेत आधीच आहेत ते बहुतांशी युरोपीय, तेव्हा देशाचा चेहरामोहरा आहे तसाच राहील. सेलर यांनीही ऑगस्ट १९६५ मध्ये सभागृहाला तेच आश्वासन दिले: आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांचे इथे फारसे आप्त नाहीत, त्यामुळे तिथून तुलनेने थोडेच लोक येतील. विधेयक ३१८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झाले आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी त्यावर सही केली. हे काही क्रांतिकारक विधेयक नव्हे, असे त्यांनीही त्या भाषणात सांगितले.

हिशोब चुकला तो कुठे

सेलर यांचे भाकीत सपशेल चुकले, आणि ते कसे चुकले हे कायदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी १९६५ मधली नाती मोजली. पण नाती वाढत जातात. मुंबईच्या किंवा पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला डॉक्टर, ज्याचे अमेरिकेत कुणीही नव्हते, तो व्यावसायिकांच्या दहा टक्क्यांतून आला. दहा टक्के म्हणजे वर्षाला १७ हजार जागा; ज्या देशाला आजवर शंभर मिळत होत्या त्याच्या दृष्टीने ही मोठीच संधी होती. पाच वर्षांनी तो नागरिक झाला, आणि त्या क्षणापासून तो कोट्याच्या बाहेर आईवडिलांना, व भावंडांसाठी राखलेल्या पाचव्या अग्रक्रमाच्या २४ टक्क्यांतून भावाबहिणींना बोलावू लागला. भाऊ आला की त्याची बायको आणि मुले आली. युरोपातल्या लोकांसाठी ठेवलेली वाट युरोपातले लोक फारशी वापरेनासे झाले होते, कारण तिथे आता सुबत्ता आली होती. त्या रिकाम्या वाटेने आशिया चालू लागला.

अमेरिकेतल्या भारतात जन्मलेल्यांची संख्या १९६० मध्ये सुमारे १२ हजार होती. १९८० मध्ये ती दोन लाखांवर गेली. आपल्याकडच्या कित्येक घरांत ‘काकाने बोलावून घेतलं’ या तीन शब्दांत जो कौटुंबिक इतिहास सांगितला जातो, तो कायद्याच्या भाषेत पाचव्या अग्रक्रमाचा इतिहास आहे.

सेलर यांनी सभागृहाला फसवले, असे म्हणणारे टीकाकार आजही अमेरिकेत आहेत. मला ते पटत नाही. कायदा मंजूर व्हावा म्हणून त्यांनी आश्वासक भाषा वापरली असेल, पण त्यांची दृष्टी मुळात ब्रुकलिनच्या इटालियन आणि ज्यू घरांवर होती. १९२४ च्या अन्यायाचे परिमार्जन त्यांना करायचे होते आणि आकडे त्यांनी त्याच चष्म्यातून पाहिले. दोष द्यायचाच तर दुसऱ्या एका गोष्टीचा द्यावा लागेल. त्यांच्या कायद्याने देशांना समान केले, माणसांना नाही. प्रत्येक देशाला सारखीच कमाल मर्यादा, हे १९६५ मध्ये समतेचे तत्त्व वाटले, आणि १९२४ च्या तुलनेत ते होतेही. पण १९९० च्या कायद्यात तेच तत्त्व, कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांहून जास्त नाहीत, या रूपाने कायम राहिले. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या वर्षाच्या १ लाख ४० हजार ग्रीन कार्डांत भारताची मर्यादा तितकीच, जितकी आइसलँडची, ज्याची लोकसंख्या सोलापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी आहे. आज हैदराबादचा किंवा नाशिकचा अभियंता ज्या रांगेत वर्षानुवर्षे उभा आहे, तिची आखणी त्याच मसुद्यात झाली ज्याने त्याच्या काकाला आत घेतले. शिवाय सिनेटमधल्या तडजोडीत पश्चिम गोलार्धावर प्रथमच १ लाख २० हजारांची मर्यादा आली, आणि पिढ्यानपिढ्या हंगामी कामाला येणारा मेक्सिकन शेतमजूर कागदोपत्री बेकायदा ठरू लागला.

बंद ठेवलेले दार

स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती काँग्रेसपुढे १९२३ मध्ये, म्हणजे सेलर आले त्याच वर्षी, प्रथम मांडली गेली. ती त्यांच्या समितीकडे येई. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तिच्यावर सुनावणीच होऊ दिली नाही. त्यांचे कारण खोटे नव्हते. कामगार संघटनांप्रमाणे त्यांनाही वाटे, की सरसकट समानतेमुळे स्त्री कामगारांसाठी झगडून मिळवलेले कामाच्या तासांचे आणि रात्रपाळीचे संरक्षण निघून जाईल. पण मत चुकीचे असणे वेगळे आणि ते तपासूच न देणे वेगळे, आणि सेलर यांनी दुसरे केले.

फेब्रुवारी १९६४ मधला एक प्रसंग बोलका आहे. नागरी हक्क विधेयकात नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात ‘लिंग’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ यांनी मांडली. सेलर यांनी विरोध करताना आपल्या घरातला दाखला दिला: घरात शेवटचे दोन शब्द नेहमी माझेच असतात, आणि ते म्हणजे ‘होय, प्रिये’. सभागृह हसले. तेव्हा मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स, त्याही वकील, उठल्या आणि म्हणाल्या, की स्त्रिया दुय्यम मानल्या जातात याला पुरावा हवाच असेल तर हे हसू पुरेसे आहे. दुरुस्ती १६८ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाली. सभागृहाचा कल त्या दिवशी सेलर यांच्या कानावर पडला होता. त्यांनी तो ऐकला नाही. १९७० मध्ये ग्रिफिथ्स यांनी २१८ सदस्यांच्या सह्या गोळा करून समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांच्या समितीतून अक्षरशः ओढून बाहेर काढली.

दुसरे दुखणे वकिलीचे होते. प्रतिनिधी झाल्यावरही सेलर यांनी वकिली सोडली नाही. त्या काळी ते नियमबाह्य नव्हते. त्यांच्या कार्यालयाला मात्र दोन दरवाजे होते: एकावर त्यांचे नाव असलेली संस्था, जी केंद्र सरकारशी संबंधित प्रकरणे घेत नसे, आणि दुसऱ्यावर त्यांच्या भागीदारांची, जिच्या पाटीवर त्यांचे नाव नव्हते आणि जी ती घेत असे. मक्तेदारी रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याला ज्यांचे नाव आहे, अशा समिती अध्यक्षाच्या बाबतीत ही व्यवस्था कायद्यात बसली तरी डोळ्यांना खुपणारीच होती. हितसंबंधांचा निवाडा शेवटी मतदार करतात, अशी त्यांची भूमिका असे.

तो निवाडा २० जून १९७२ रोजी झाला. एलिझाबेथ होल्ट्झमन, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेल्या, वय तीस, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. वॉशिंग्टन स्मारकाला दात कोरायच्या काडीने पाडू पाहण्यासारखे हे आहे, असे चौऱ्याऐंशी वर्षांचे सेलर म्हणाले. मतदारसंघात त्यांचे कार्यालयही नव्हते. होल्ट्झमन यांच्याकडे पैसा थोडा होता, म्हणून त्या रांगांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर, दुकानांसमोर लोकांना एकेकटे गाठत राहिल्या. व्हिएतनाम युद्धाला सेलर यांचा पाठिंबा, समान हक्कांना विरोध, दोन दरवाजांचे कार्यालय, आणि वर्षानुवर्षे न दिसलेला प्रतिनिधी, हे त्यांचे मुद्दे होते. सेलर सहाशेच्या आसपास मतांनी हरले. निकालाविरुद्ध ते न्यायालयात गेले; निकाल कायम राहिला.

होल्ट्झमन यांनाही न्यायविषयक समितीच मिळाली. जुलै १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोग चालवण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत त्या होत्या. १९७९ मध्ये त्या स्थलांतर उपसमितीच्या अध्यक्ष झाल्या, म्हणजे जिथे सेलर यांची गाडी इतकी वर्षे अडली होती नेमक्या त्या खुर्चीवर बसल्या. १९६५ च्या कायद्यात निर्वासितांसाठी ठेवलेले ते सहा टक्के, वर्षाला १०,२०० जागा, केवळ साम्यवादी देशांतून किंवा मध्यपूर्वेतून पळालेल्यांपुरते होते. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्याबरोबर होल्ट्झमन यांनी १९८० चा निर्वासित कायदा तयार केला, त्यात ही देशांची अट काढली आणि वर्षाला ५० हजार जागांची तरतूद केली. १७ मार्च १९८० रोजी त्यावर सही झाली. सेलर तेव्हा ब्रुकलिनमध्येच राहत होते. पुढच्या जानेवारीच्या १५ तारखेला, ब्याण्णवव्या वर्षी, तिथेच ते वारले.